खाल्लं की वाढणारा भात

सालोमी मच्याडोशी वाद घालून जिंकलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. मी स्वतः अकरावीपासून प्रयत्न करते आहे आणि आता आमची पंचविशी उलटली. हल्ली ती अंधेरीच्या एका स्टुडिओत कार्टूनपटांची पार्श्वचित्रं रंगवते. म्हणजे पुढे पळणारा ससा दुसऱ्या कुणाचा. त्याच्या मागचं झाड, रस्ता, कुंपण, आभाळ हे सगळं हिचं. तिथले जुने लोकसुद्धा तिला विचारल्याशिवाय ढगाला हात लावत नाहीत म्हणे. हे 'म्हणे' अर्थात तिचंच आहे. तिच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यावं लागतं, पण राहिलेलं अर्धं पक्कं असतं, असा माझा अनुभव.

आमची ओळख भांडणातूनच झाली. मी क्षितिजा, गोखिवऱ्याच्या एका चार मजली बिल्डिंगमधली. बाबा मूळचे रत्नागिरीकडचे, नोकरी मुंबईत, आणि घर वसईला, कारण वसईला परवडलं. सालोमी मर्देस गावची, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिच्या घरामागे वाडी, वाडीत मोगरा आणि केळी, मध्ये विहीर. मी सकाळी टँकरच्या रांगेत हंडा लावून कॉलेजला यायचे आणि ही सांगायची की आज मोगऱ्याला पाणी सोडून आले. राग येणार नाही तर काय?

त्या वर्षी केबलवर एक जपानी कार्टून हिंदीत लागायचं. त्यातला पोरगा भूक लागली की फडक्यात बांधलेला पांढरा गोळा काढायचा आणि म्हणायचा, "वाह, क्या लड्डू है!" एकदा मधल्या सुट्टीत मी त्याची नक्कल करत होते, तर मागच्या बाकावरून आवाज आला.

"लाडू नाही तो. भात आहे, मीठ लावलेला."

"तुला काय माहीत?"

"बोटाला शितं चिकटतात त्याच्या. मग तो ती एकेक करून खातो. लाडवाला कुठून आली शितं?"

मी घरी जाऊन पाहिलं. शितं होती. वर्षभर मी ते कार्टून बघत होते आणि मला ती दिसली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि पुढची पाच वर्षं तिथून उठले नाही.

आमच्या घरी व्हीसीडी प्लेअर होता. नालासोपाऱ्याला स्टेशनजवळ एक सीडीवाला होता, त्याच्याकडे हिंदी सिनेमांच्या ढिगाखाली कधीमधी जपानी कार्टूनपट सापडायचे. भाषा जपानी, खाली अक्षरं चिनी, आणि आम्हांला दोन्हींतलं ओ की ठो कळत नसे. सालोमीचं म्हणणं, तेच बरं. भाषा कळली की माणूस ऐकत बसतो, बघत नाही.

एका सिनेमात धरणाखाली बुडालेलं गाव होतं. शाळेच्या वर्गातून मासे फिरत होते. गोष्ट काय होती ती आम्हांला शेवटपर्यंत समजली नाही. पण त्यात एक म्हातारी ओसरीवर बसून छत्री दुरुस्त करते, आणि ती छत्री दुरुस्त होईपर्यंत सिनेमात दुसरं काहीच घडत नाही. वारा येतो, गवत हलतं, म्हातारी सुईत दोरा ओवते. मी म्हटलं, "एवढ्या वेळात आपल्याकडे दोन लग्नं आणि एक खून झाला असता."

"म्हणून तर आपल्याकडे कुणाची छत्री नीट होत नाही," सालोमी म्हणाली. "ह्या लोकांना थांबायला लाज वाटत नाही, क्षिती. मला हे फार आवडतं. आपण कुठे शांत बसलो की लगेच कुणीतरी विचारतं, काय झालं गं?"

म्हणून तिला जपान्यांचं सगळंच गोड लागायचं असं मुळीच नाही. मुलींचे डोळे बशीएवढे का, आणि बर्फात उभ्या असतानाही स्कर्ट एवढे तोकडे का, ह्याबद्दल ती त्या चित्रकारांना मराठीतून चांगलं झापायची. मारामाऱ्यांत तिला रस नव्हता. रागावलेल्या माणसाच्या मागे रेघाच रेघा काढतात, तो तिच्या मते आळशीपणा होता. पण उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेल्या चपला, नळाखाली भरत असलेली बादली, दोरीवर वाळणारा टॉवेल असलं काही पडद्यावर आलं की ती सीडी थांबवायची आणि टीव्हीच्या इतकी जवळ जायची की माझी आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

ह्या सगळ्याचं मूळ होतं एक पुस्तक. ते पुस्तक सालोमीसाठी काय होतं ते इथेच सांगून टाकते.

सालोमी नऊ वर्षांची असताना तिची आई गेली. जुलियाना तिचं नाव. कसलासा मेंदूचा आजार होता, आठदहा महिन्यांत सगळं आटोपलं. आईचा भाऊ मायकल जहाजावर फिटर होता. त्याला मातीला पोहोचता आलं नाही. तो आला दोनेक महिन्यांनी, आणि भाचीशी काय बोलावं ते न सुचून त्यानं तिच्या हातात साबणाच्या वड्या, चॉकलेटं आणि जहाजावर कुणीतरी टाकून दिलेलं एक जाड जपानी चित्रकथेचं पुस्तक ठेवलं. दोन्ही बाजूंचं कव्हर फाटून गेलेलं, कागद पिवळट, रंग नाही, नुसती काळी शाई. अशा पुस्तकांना मांगा म्हणतात हे तिला फार नंतर कळलं. तोवर ते 'मामाचं पुस्तक' होतं.

आणि त्या पुस्तकात एक आई मेलेली होती.

पहिल्याच पानावर एक मुलगी बंद दाराबाहेर उभी होती, केस बारीक कापलेले, हात बाजूला लोंबत. मग दार उघडं. काळ्या कपड्यांतली माणसं, उदबत्तीचा धूर, आणि पांढऱ्या कपड्यांत निजलेली तिची आई, डोळे मिटून. सालोमीनं सांगितलं की तिथे ती पुस्तक मिटून फेकणारच होती. पण हाताबरोबर पान उलटलं गेलं, आणि पुढच्या चित्रात त्या बाईचे डोळे उघडे होते.

मग पुढे सगळं चांगलंच होत जातं. बाई आधी अंथरुणात असते, मुलगी तिला पाणी पाजते. मग उठून बसते. भिंतीला धरून चालते. जमिनीवर एका वाडग्याचे तुकडे पडलेले असतात, बाई हात पुढे करते, आणि पुढच्या चित्रात वाडगा तिच्या हातात अख्खा. मुलीच्या डोक्याला ती कात्री लावते आणि केस लांब होतात. दोघी जेवायला बसतात, काड्यांनी भात खातात, आणि जेवता जेवता वाडगा भरत जातो. शेवटच्या पानावर बाई अंगणात दोरीवर कपडे वाळत घालते आहे, ऊन पडलंय, आणि तोंडाशी हात नेऊन मुलीला हाक मारते आहे.

मला हे पुस्तक तिनं पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी विचारलं, "भात खाऊन वाढतो कसा?"

"चमत्कार," ती म्हणाली. "पाच पाव आणि दोन मासे. पाच हजार माणसं जेवली आणि बारा टोपल्या उरल्या. आमचे फादर दर वर्षी सांगतात. मग जपानमध्ये दोन वाडगे भात का वाढू नये?"

"आणि मेलेली बाई उठते ती?"

"आमच्याकडे गोष्टी अशाच असतात. शुक्रवारी मारतात, रविवारी उठतो. तुमच्याकडे काय, माणूस मेला की गोष्ट संपली?"

"आमच्याकडे पुनर्जन्म असतो," मी धर्माची बाजू सांभाळायला म्हटलं.

"मग झालं तर. तोही मेल्यावरच सुरू होतो."

पानांच्या कोपऱ्यात बारीक आकडे होते आणि ते कमी कमी होत जात होते. त्याचंही उत्तर तिच्याकडे तयार. "किती पानं उरली ते छापतात बघ. वाचणाऱ्याची केवढी काळजी! आपल्याकडे नुसती किती झाली ती सांगतात." मला ते पटलं. जपानी माणूस शिस्तीचा, एवढं आम्ही शाळेत शिकलोच होतो.

सालोमीच्या घरी तिच्या आईबद्दल कुणी बोलत नसे. तिचे वडील, आलोशियस अंकल, उंच, हडकुळे, आणि बोलण्यात भलतेच काटकसरी. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही, स्वयंपाक स्वतः शिकले, पोरीची वेणीही स्वतः घालायचे. पण बायकोचं नाव त्यांच्या तोंडून बाहेर पडत नसे. त्याऐवजी ते 'पूर्वी' म्हणायचे. पूर्वी ह्या घरात सुक्या मासळीचं खारं वेगळं व्हायचं. पूर्वी नाताळला चुलीवर दोन दोन पातेली चढायची. दुसऱ्याला वाटावं, जमाना बदलल्याची तक्रार चालली आहे. एकदा मी जेवताना सहज म्हटलं, "अंकल, आंटी कशा होत्या?" तर त्यांनी मला आणखी एक पापलेटचा तुकडा वाढला आणि पंप बंद करायला निघून गेले. पंप बंदच होता.

"विचारू नको त्यांना," सालोमी नंतर म्हणाली. "त्यांना नाही जमत. मला आहे ना पुस्तक. मला आय पाहिजे झाली की शेवटचं पान काढते. उभी असते तिथे."

ती घरी आईला 'आय' म्हणायची. कॉलेजात मात्र ती सरळ 'आई' म्हणे. गावातली बरीच मुलं तसंच करत. घरची सामवेदी बोली फाटकाच्या आत, पुस्तकातली मराठी फाटकाबाहेर. त्या दिवशी तिच्या तोंडून 'आय' निघालं ते मी फाटकाच्या आत होते म्हणून.

आम्ही दोघींनी बीएला मराठी घेतलं. मी घेतलं गुण पडतात म्हणून, आणि तिनं घेतलं खैरमोडे सरांशी भांडता येईल म्हणून. खैरमोडे सर साताऱ्याकडचे, आवाज असा की माईक लाजेल. शेवटच्या वर्षी वाङ्मय मंडळाची स्पर्धा होती: 'मला भावलेली कलाकृती'. विद्यार्थ्यानं पंधरा मिनिटं बोलायचं, पालकांना आमंत्रण, बाहेरचे परीक्षक. सालोमीनं आपल्या कलाकृतीचं नाव दिलं, 'एक जपानी चित्रकथा'.

सरांनी तिला स्टाफरूममध्ये बोलावलं. मी दाराशी उभी राहून ऐकत होते.

"मच्याडो, हे काय आहे? कॉमिक?"

"चित्रकथा, सर."

"लहान पोरं वाचतात ती?"

"मी लहानपणापासून वाचते, सर. संपतच नाही."

"भाषा येते तुला जपानी?"

"नाही."

"एक अक्षर?"

"नाही, सर. चित्रं येतात."

सर खुर्चीत मागे रेलले. "भाषा येत नाही आणि रसग्रहण करणार! ठीक आहे. कर. पण मी परीक्षक असा आणीन की ज्यानं जपान पाहिलंय. मग स्टेजवर फजिती झाली तर माझ्याकडे रडत यायचं नाही."

"आणा ना, सर," सालोमी म्हणाली. "मलाही कुणीतरी भेटायला पाहिजेच होतं."

बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, जरा गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं? तिला ते समजलंच नाही. त्या पुस्तकातली प्रत्येक रेघ तिला पाठ होती. तिला कसली भीती?

स्पर्धेच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. वडिलांना तिनं ओढून आणलं होतं. ते केळ्यांचा टेम्पो घेऊनच आले होते आणि इस्त्रीचा शर्ट घालून शेवटून दुसऱ्या रांगेत गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. परीक्षक होत्या सुनंदा पाटणकर म्हणून एक साठीच्या बाई. नवऱ्याच्या नोकरीमुळे त्या बरीच वर्षं कोबे शहरात राहिल्या होत्या. सरांनी ओळख करून देताना 'कोबे' हा शब्द सालोमीकडे बघून उच्चारला.

आणि सालोमी बोलली. काय सांगू, मला अजून अभिमान वाटतो. ती म्हणाली, आपण गोष्टीत 'पुढे काय झालं' एवढंच विचारतो, पण हे पुस्तक विचारतं की तोवर बादली भरली का. तिनं एका पानावरचा वाऱ्यानं हललेला पडदा हात वर करून दाखवला. ती म्हणाली, शब्द वाचता येत नाहीत म्हणून मी माणसांचे पाय वाचले. घाईत असलेल्या माणसाच्या चपला वेड्यावाकड्या पडतात, हे जपानात आणि मर्देसला सारखंच आहे. लोक हसले, जिथे हसायला पाहिजे तिथेच हसले. मग तिनं मरणापासून सुरू होणारी आणि हाकेपाशी संपणारी गोष्ट सांगितली. खाल्ल्यानं वाढणारा भात सांगितला. "ही कलाकृती मला का भावली," ती शेवटी म्हणाली, "तर हिच्यात आई परत येते, आणि कुणीही त्याबद्दल भाषण करत नाही. ती नुसती कपडे वाळत घालते."

टाळ्या जोरात पडल्या. खैरमोडे सरांनीसुद्धा दोनतीन वाजवल्या.

सुनंदाबाईंनी पुस्तक बघायला मागितलं. त्यांनी ते हातात घेतलं, चाळलं, मग पुन्हा चाळलं, आणि चष्मा काढून पुसला. त्यांना बोलायचं नव्हतं, हे मला पहिल्या रांगेतून स्पष्ट दिसत होतं.

"तू फार सुंदर बोललीस," त्या म्हणाल्या. "हे पुस्तक तुला कुणी... म्हणजे वाचायचं कसं ते कुणी सांगितलं होतं का?"

"नाही, बाई. का?"

"तसं काही नाही. राहू दे."

"राहू दे कसं? सांगा ना. काही चुकलं का?"

बाईंनी एकदा सरांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बाळा, जपानी पुस्तक ह्या बाजूनं उघडत नाहीत. उजवीकडून डावीकडे वाचतात, चित्रंसुद्धा. तू पहिलं धरतेस ते पान, ते... शेवटचं आहे. मुलगी दाराबाहेर उभी आहे तिथे गोष्ट संपते."

मग मागून एक पोरगा ओरडला, "रिव्हर्स मारला रे!" आणि हॉल फुटला. हसू आवरत नव्हतं कुणाला. खैरमोडे सरही हसले, त्यांनी तोंडावर रुमाल धरला तो उगाच, खांदे दिसत होते. त्या पोराच्या कानाखाली वाजवावी अशी मला इच्छा झाली. पण मी सालोमीकडे बघत होते. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत चाललं होतं. आज तिची फजिती झाली असं लोकांना वाटत होतं. फजितीचं तिला काय? त्या हॉलमध्ये तिची आई दुसऱ्यांदा मरत होती, आणि हे फक्त मला आणि मागे बसलेल्या त्या एका माणसाला कळत होतं.

"वेळ संपली, मच्याडो. बस आता," सर म्हणाले. आवाज मऊ होता, ते मी नाकारत नाही.

सालोमीनं बाईंच्या हातून पुस्तक घेतलं. "मला ते एकदा बरोबर वाचायचंय, सर."

"घरी वाच."

"घरी नाही होणार माझ्यानं."

सुनंदाबाई म्हणाल्या, "परीक्षकाच्या भाषणाची दहा मिनिटं आहेत ना? ती हिला द्या."

सालोमीनं पुस्तक उलट करून धरलं, आणि माईकसमोर उभी राहून एकेक पान उलटत, जे दिसेल ते सांगत गेली. आधी आवाज तिचा नव्हताच. "आई कपडे वाळत घालते आहे. मुलीला हाक मारते. मुलगी येते. दोघी जेवायला बसतात. भात आहे. भात... संपतो." मागे कुणीतरी खुसखुसलं आणि लगेच गप्प झालं. "आई मुलीचे केस कापते. लांब होते ते. बहुतेक आईला आता रोज विंचरायला जमणार नाही." हे तिला त्याच क्षणी समजलं होतं, आधी ठरवून ती बोलत नव्हती. पुढचं पान तिनं डोळ्यांजवळ नेलं. "वाडगा फुटतो. तिच्या बोटांजवळ बारीक रेघा आहेत. मला वाटायचं, ती तुकडे जोडते आहे. पण हात थरथरतोय तिचा. हातातून सुटलाय तो वाडगा."

भिंत धरून चालणारी बाई, मग अंथरूण, मग पाण्याचा पेला. सालोमीचा आवाज हळूहळू परत आला, आणि शेवटाकडे तर तो नेहमीसारखा खणखणीत झाला, जणू कुणाशी तरी तिची पैज लागली होती. "इथे डोळे उघडे आहेत," ती म्हणाली. पान उलटलं. "इथे मिटलेत. इथे आय मरते."

हॉलमध्ये निम्मी मुलं गावांतली होती. तो शब्द कुणाच्या लक्षात आला नाही असं झालं नाही, पण कुणीही हसलं नाही.

"मुलगी बाहेर येते. दार बंद होतं." तिनं पुस्तक मिटलं. "बरोबर आहे. असंच झालं होतं."

खाली यायला निघाली तशी सुनंदाबाईंनी तिला विचारलं, अगदी हळू, पण माईक चालू होता. "मग आता तू कुठली गोष्ट खरी मानशील?"

"हीच खरी आहे, बाई," सालोमी म्हणाली. "पण तेव्हा मला ती दुसरी लागत होती. म्हणून मी ती वाचली."

बक्षीस कुणाला मिळालं ते मला विचारू नका. कविता म्हणणाऱ्या कुणालातरी मिळालं. आम्ही तिघं टेम्पोत पुढच्या सीटवर कोंबून बसून मर्देसला निघालो, मी मध्ये, गियरला गुडघे लागत होते. अंकल समोर रस्त्याकडे बघत होते. सालोमीही खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, घरी पोहोचल्यावर आता रडारड होणार, आणि मी मनात चार धीराची वाक्यं जुळवून ठेवली.

घरी आल्यावर ती सरळ मागे वाडीत निघून गेली. अंकलनी शर्ट बदलला, भात चढवला, सकाळचं कालवण गरम केलं. मी पानं घेतली. दिवेलागण होऊन अंगणातला दिवा लावून झाला होता. अंकल मागच्या दाराशी गेले आणि त्यांनी हाक मारली, "सालोमी!" उत्तर नाही. पुन्हा मारली. थोड्या वेळानं ती आली, पायाला माती, डोळे लाल. हात धुऊन पानावर बसली. आम्ही जेवायला लागलो.

आणि अंकल बोलले. त्यांच्या बोलीत बोलले. मी माझ्या मराठीत लिहिते आहे, कारण मला ती बोली समजते पण लिहिता येत नाही, आणि चुकीची लिहिली तर सालोमी मला सोडणार नाही.

"जुलियाना हाक मारायची," ते म्हणाले, "तेव्हापण तू पहिल्या हाकेला कधी आली नाहीस."

सालोमीचा घास तसाच हातात राहिला. इतक्या वर्षांत ते नाव त्या घरात मी पहिल्यांदा ऐकत होते.

"दुसऱ्या हाकेला यायचे," सालोमी म्हणाली.

"खोटं. दुसऱ्या हाकेलापण नाही. तिसऱ्या. दोन हाका झाल्या की ती मला म्हणायची, आता बघा कशी येते. मग कमरेला लुगड्याचा पदर खोचून दारात उभी राहायची आणि बाप्तिस्म्याचं अख्खं नाव घ्यायची. शेजारची पोरंपण घाबरून घरी पळायची."

"कसं घ्यायची?"

तिला माहीत होतं. ते तिला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. त्यांनी ताट बाजूला सरकवलं, उठले, मागच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि तो काटकसरी माणूस रिकाम्या वाडीकडे तोंड करून, बाईच्या चढ्या आवाजात, शेवटचं अक्षर लांबवत ओरडला:

"सालोमी मारिया आलोशियस मच्याडोऽऽ!"

शेजारच्या घरात कुणीतरी खिडकी उघडली. अंकल वळले नाहीत, दाराची चौकट धरून तसेच उभे राहिले. सालोमी माझ्या शेजारीच पानावर बसली होती, तिथून हललीसुद्धा नाही.

"आले, आय," ती म्हणाली.